पंचेचाळीस एचपीचा साखरपुडा

२६ ऑक्टोबर २०२५, रविवार. सकाळी ७.१०
डायरी चालू वर्षाची आहे. दहा महिने कोरे गेले. उरलेल्या दोन महिन्यांत भरपाई करणार.
काल आमच्या घरी, कासार आंबोलीला, बैठक झाली. दिशाचा साखरपुडा ३० नोव्हेंबरला ठरला. मुलगा निषाद, हिंजवडीत कंपनीत आहे. त्याचे वडील एकनाथराव परभणीकडचे, पाटबंधारे खात्यातून रिटायर. फार बोलत नाहीत, पण बघतात फार. हॉल कोणता, एवढंच त्यांनी विचारलं. माझी बायको रत्ना तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हणालो, हॉल कशाला? आपलं स्वतःचं चार एकर रान आहे, मोकळ्या हवेत करू. दिशाचा चेहरा असा काही फुलला की हीच माझी कमाई. कंपनीच्या कँटीनमध्ये कपबशा विसळण्यापासून सुरुवात केली, आज जांबेला माझ्या बावीस खोल्या भाड्यानं दिलेल्या आहेत. पण पोरीनं एवढं खूश होऊन माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं.
रानात गवत छातीएवढं आहे, हे रत्नानं भर बैठकीत सांगायची गरज नव्हती. मी म्हणालो, ट्रॅक्टर आहे आपला. एकनाथरावांनी विचारलं, किती एचपीचा? तोंडातून पंचेचाळीस गेलं. खरा सत्तावीसचा. बैठकीत मुलीच्या बापाला एवढी सूट असते.
आता फक्त ट्रॅक्टरच्या मागे लावायचा रोटरी कटर घ्यायचा. दोन दिवसांचं काम. हातात पाच आठवडे. म्हणजे चार आठवडे पाच दिवस नुसतं बसून काढायचेत.

२७ ऑक्टोबर, सोमवार
शेजारचा कुशाबा विळा घेऊन दारात. दर वर्षी दिवाळी झाली की तो चार बाया घेऊन आमचं गवत कापतो आणि म्हशींना नेतो. त्याला चारा, आम्हाला स्वच्छ रान. वर खरवस. पण हे जुन्या काळातलं झालं. मी सांगितलं, यंदा मशीन येतंय, गवताला हात लावायचा नाही. तो म्हणाला, आवं शेट, गवात हाय त्ये, शत्रू न्हाई. मी हसून सोडून दिलं. तो हसला नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार
तीन दिवस मोबाइलवर अभ्यास. सगळे व्हिडिओ परदेशातले. ट्रॅक्टरला एसी केबिन, गवत गुडघ्याएवढं, आणि माणसाच्या हातात कॉफी.
निष्कर्ष. कटर तीन प्रकारचे. लाइट ड्युटी नुसत्या गवताला. हेवी ड्युटी जंगलाला. आपल्या रानात गवतात घाणेरी आहे, करवंदाच्या जाळ्या आहेत, अंगठ्याएवढी झुडपं आहेत. म्हणजे मीडियम ड्युटी. आता रुंदी. कटर मागच्या चाकांपेक्षा थोडा रुंद हवा, नाहीतर चाकाखालचं गवत तसंच राहतं. आणि रुंदीच्या एका फुटाला साधारण पाच एचपी लागतात. सत्तावीस भागिले पाच. पाच फुटी.
मीडियम ड्युटी, पाच फुटी. विषय संपला. लोक उगाच महिनेच्या महिने घालवतात.

१ नोव्हेंबर, शनिवार. दुपार
पौड रस्त्यावरच्या दुकानात गेलो. दुकान पियूष नावाचा तरुण सांभाळतो.
माझं एक तत्त्व आहे. दुकानदाराला आपली गरज कळू द्यायची नाही. कळली की संपलं. म्हणून आधी अर्धा तास पाण्याच्या टाक्या बघत उभा राहिलो. माझे कान तिखट आहेत. जांबेला जिन्यात उभं राहून मी सांगतो कुठल्या खोलीत चोरून शेगडी चालू आहे. तर टाक्यांमागून मला स्पष्ट ऐकू आलं. पियूष हिशेबाच्या मुलीला म्हणत होता, मिनी ट्रॅक्टरवाले नुसते चहा पिऊन जातात गं.
अस्सं.
पुढे झालो. त्यानं नम्रपणे विचारलं, काका, ट्रॅक्टर किती एचपीचा? म्हणालो, पंचेचाळीस.
लगेच खुर्ची आली. चहा आला, बशीत बिस्किटं. मग तो म्हणाला, पंचेचाळीसला मीडियम ड्युटी सहा फुटी, डोळे झाकून. मला हवाय पाच फुटी. पण पंचेचाळीसवाला पाच फुटी मागतो म्हणजे एक तर चिक्कू, नाहीतर अडाणी. म्हणालो, मी नुसता बघायला आलोय, मित्रासाठी.
पहिली फेरी माझी.

५ नोव्हेंबर, बुधवार
दुसरी फेरी. बेत असा, की पाच फुटी त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचा. म्हणालो, आमच्या मित्राचं मत पाच फुटी घ्यावा असं पडतंय. पियूष म्हणाला, मित्राला सांगा, चाकं बाहेर राहतील, दोन्ही बाजूंनी गवताचे पट्टे उभे राहतील, मग आम्हाला शिव्या देतील. म्हणालो, समजा, एखाद्याकडे सत्तावीसचा असला तर? नुसतं समजा. तो म्हणाला, मग पाच फुटीच, दुसरा विचारच नको. एकच पीस शिल्लक आहे.
हिशेबाची मुलगी माझ्याकडे बघत होती. मी टाक्यांकडे बघितलं.
तेवढ्यात घोटावड्याचा एक माणूस आला. पायात चिखलाची चप्पल. सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाला, माजा चोवीसचा हाय बारका, त्याला काय बसंल त्ये द्या. पंधरा मिनिटांत पाच फुटी कटर टेम्पोत चढला. काही माणसांना लाज म्हणून नसते.
पुढचा लॉट डिसेंबरमध्ये.

९ नोव्हेंबर, रविवार
सहा फुटी घेतला.
शांतपणे विचार केला तर हेच बरोबर आहे. फूटभर जास्त म्हणजे फेऱ्या कमी. फुटाला पाच एचपी हा नियम परदेशातला. तिकडचं गवत खतावर वाढलेलं, माजलेलं. आणि माणसानं थोडं मोठंच घ्यावं. दिशाला शाळेचे बूट नेहमी एक नंबर मोठे घेतले, वाढली ना त्यात? ट्रॅक्टर वाढत नाही हे मला माहीत आहे. उपमा तेवढी ताणायची नाही.
पियूष म्हणाला, जोडायला मी स्वतः येतो. म्हणालो, आमच्याकडे माणसं आहेत.
माणसं म्हणजे मी.

११ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी १०
कटर आला. लाल. देखणा. टेम्पोवाल्यानं माझ्या ट्रॅक्टरकडे बघितलं, कटरकडे बघितलं, पुन्हा ट्रॅक्टरकडे बघितलं आणि निघून गेला. माणूस समजूतदार.
दुपारी २. जोडला. लिव्हर ओढून कटर उचलला. कटर उचलला गेला नाही, ट्रॅक्टरनं पुढची दोन्ही चाकं उचलली. मी सीटवर आभाळाकडे तोंड करून. रत्ना ओट्यावर तांदूळ निवडत होती. म्हणाली, नवरदेव ह्याच्यावरनंच येणार का?
किरकोळ ॲडजस्टमेंट आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार
पियूषला फोन. पुढचा भाग जरा हलका वाटतो, एवढंच म्हणालो. तो घाबरलाच. पंचेचाळीसचं तोंड या कटरनं उचलायलाच नको म्हणाला. काका, तुमच्या ट्रॅक्टरमध्ये काहीतरी सीरियस आहे, अजिबात चालवू नका, मी उद्या सकाळी येतो. नको नको म्हणालो. म्हणाला, आमची जबाबदारी आहे.
इतका प्रामाणिक दुकानदार मी आयुष्यात पाहिला नाही. अशा माणसांमुळे धंद्याची पंचाईत होते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
पहाटे उठून ट्रॅक्टर कुशाबाच्या गोठ्यात नेऊन लावला, दोन म्हशींच्या मधे. कुशाबा म्हणाला, बारका हाय म्हनून बरं, मोटा असता तर कुटं लपावला असता?
पियूष नऊला आला. पाना-पेटी घेऊन. ट्रॅक्टर कुठाय? म्हणालो, घोटावड्याला मेहुण्याकडे गेलाय, तातडीचं काम निघालं. तो म्हणाला, अहो, बिघडलेला ट्रॅक्टर रस्त्यानं पाठवलात? मी पोहे मागवले. ते देताना रत्नानं साखरपुड्याचं सांगून टाकलं. त्यानं कटरचा एकेक बोल्ट तपासला. कटर एक नंबर आहे म्हणाला. जाताना म्हणाला, तोवर पुढे वजन लावा. आणि वाटेल तेव्हा फोन करा काका, तुमच्या मुलीचा साखरपुडा आहे, तो नीट झालाच पाहिजे.
गेला तेव्हा फार वाईट वाटलं. पण गरज कळू दिली नाही.
ट्रॅक्टर आणला. सीट म्हशीनं चाटून ठेवली होती.

१५ नोव्हेंबर, शनिवार
बंपरवर वाळूची चार पोती बांधली. ट्रॅक्टर जमिनीवर राहिला! म्हणालो ना, किरकोळ.
दिशाला सुट्टी. मोबाइल घेऊन शूटिंगला उभी. गिअर टाकला, कटर फिरवला, गवतात घुसलो. आवाज ऐकूनच कळलं. पहिल्या पाच फुटांत इंजिन कण्हलं, आठव्या फुटाला खोकलं, बाराव्याला गप्प. पुन्हा सुरू, पुन्हा गप्प. चार तासांत सहा फूट बाय बारा फूट रान साफ झालं. एक सनईवाला मांडी घालून बसेल.
कुशाबानं वाकून मूठभर कापलेलं गवत उचललं. त्याचा नुसता चुरा. म्हणाला, ह्ये काय म्हशीला चमच्यानं भरवू व्हय?
दिशानं शूटिंग कधी थांबवलं कळलं नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार
बंपरवर सहा पोती. बारीक गिअर. वीस फूट गेलो! मग गवतात दडलेला धोंडा. कटरचा सेफ्टी बोल्ट तुटला. तो तुटायलाच असतो, म्हणजे बाकीचं मशीन वाचतं. अशी एखादी सोय माणसातही हवी होती. बैठकीत मी बोलायला लागलो तेव्हाच काहीतरी तुटून पडलं असतं.
दुसरा बोल्ट घरात नाही. पियूषकडे आहे. पियूषकडे जाता येत नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
रत्नानं सकाळी भाकरी थापता थापता सांगितलं, पाठीवर गवात कापायचं मशीन लावणारी दोन माणसं बोलवा, नायतर कुशाबाच्या पाया पडा, पर कायतरी करा. मी म्हणालो, मी कोणाच्या पाया पडून मोठा झालो नाही. ती म्हणाली, व्हय, तुमी नुसतं बोलून मोटं झाला.
तिला बरं वाटावं म्हणून फोन केले. मशीनवाले दोघंही बंगलेवाल्यांनी महिन्याअखेरपर्यंत बांधून ठेवलेत. बाया भाताच्या कापणीला. कुशाबानं दुसऱ्याचं रान कापायला घेतलंय. तुमीच म्हनला गवताला हात लावू नगं, म्हणाला. शेवटी घोटावड्याला मेहुण्याला, भिवाजीला, फोन. त्याचा ट्रॅक्टर पन्नासचा. येतो म्हणाला, पण मळणी उरकून, पाच डिसेंबरला. मग म्हणाला, काय हो दाजी, तुमचा पंचेचाळीसचा झाला म्हणे?
मुळशीत बातमी कशी फिरते कळत नाही. माझ्यासारखे कान आणखीही असावेत.

२० नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी दाढी करताना. पलीकडच्या खोलीत दिशा निषादशी फोनवर. म्हणत होती, भूगावचे, पिरंगुटचे सगळे हॉल विचारून झाले रे, तीस तारखेला एकही नाही, सगळीकडे लग्नं आहेत. मग म्हणाली, नको, पप्पांना कळू देऊ नकोस, त्यांना वाईट वाटेल.
दिशा दूरदृष्टीची आहे. बॅकअप ठेवणं हे चांगल्या प्लॅनिंगचं लक्षण.
हनुवटीला कापलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार
दिशा ओट्यावर शेजारी येऊन बसली. म्हणाली, पप्पा, एकच सांगा. रानात होणार की नाही? नाही म्हणालात तरी चालेल, खरंच. आपण तारीख पुढे ढकलू, मी बोलते त्यांच्या घरी. तुम्ही नुसतं नाही म्हणा.
इतकी सोपी सुटका आजवर कोणी दिली नव्हती. तोंड उघडलं. ‘ना’पर्यंत आलोही होतो.
होणार, म्हणालो.
ती बरं म्हणाली. तिथंच बसून एकशे वीस लोकांना रानाचं लोकेशन पाठवलं. मोबाइलचा टुंग टुंग आवाज बराच वेळ येत होता. कान तिखट असणं नेहमी चांगलंच असतं असं नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
गवत छातीपर्यंत. मी नाकापर्यंत.
मांडववाला येऊन गेला. खड्डे कुठं मारायचे, म्हणाला. मी अंदाजे हात दाखवला. त्यानं त्या दिशेला बघितलं. शनिवारी संध्याकाळी येतो, तोवर तुमचं ठरवा, म्हणाला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
ठराव: स्वतःच्या हातानं कापणार. कष्टाला मी कधी भ्यालो नाही.
सकाळी सहा ते साडेआठ. अर्धा गुंठासुद्धा नाही. तीस वर्षांत हातात विळा धरला नव्हता. कंबर गेली. रत्नानं तेल चोळलं, गरजेपेक्षा जोरात.

२९ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ८
एकनाथराव आणि निषाद येतायत. जागा बघायला. आत्ता फोन आला, पौडपर्यंत पोचले.
बोलायचं काय ते ठरवलंय. नैसर्गिक वातावरण. गवत मुद्दाम ठेवलंय. थीम.

३० नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी ६
साखरपुडा झाला. काल लिहिता आलं नाही, बोटं मिटत नव्हती.
काल एकनाथराव बांधावर आले. गवत पाहिलं. लाल कटर पाहिला. वाळूची सहा पोती पाहिली. मी थीम हा शब्द उच्चारला. त्यांनी घड्याळ काढून खिशात टाकलं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि रत्नाला विचारलं, विळा असंल ना घरात? मुलाचा बाप. ज्याचे पाय आम्ही धुवायचे, त्याच्या हातात माझ्या रानातलं गवत कापायला विळा! मी नको नको करत आडवा गेलो, तर म्हणाले, सरका थोडं, लागंल.
मग कोणी थांबलं नाही. रत्नानं पदर खोचला. दिशानं ऑफिसचे बूट घातले आणि निषादला विळा कसा धरायचा ते शिकवलं; त्यानं पहिल्याच फटक्यात स्वतःची पँट कापली. बांधावरून कुशाबा बघत होता. म्हणाला, पाहुनं कापत्यात आन शेट बगत्यात, आसं पयल्यांदाच बगतुया. दुसऱ्याचं काम अर्ध्यावर टाकून बाया घेऊन आला. येताना विचारलं, गवात माजं ना? म्हणालो, तुझंच. ते कायमच तुझं होतं.
अंधार पडेपर्यंत जेमतेम तीन गुंठे झाले. मांडव बसला. आज एकशे वीस माणसं त्या चौकोनात खांद्याला खांदा लावून उभी होती, चहूबाजूंनी छातीभर गवत. मुलाकडचे एका बाजूला, मुलीकडचे एका बाजूला असं काही करताच आलं नाही, जागाच नव्हती. परभणीच्या आत्याबाई आणि आमची घोटावड्याची मंडळी एकमेकांच्या ताटातलं उचलून घेत होती. अंगठीच्या वेळी मागच्यांना दिसेना, तर दिशानं हात वर करून दाखवला. हसत होती. सगळे म्हणाले, जागा फार सुंदर साफ केली हो, कोणतं मशीन? मी पाणी वाढायला गेलो.
मशीनवर पाण्याचे जार ठेवले होते. सहा फुटी, मीडियम ड्युटी. अठरा जार आरामात बसले.
कालची एक गोष्ट लिहायची राहिली. दुपारी कापणी चालली होती. मी एकनाथरावांच्या मागे पेंढ्या बांधत होतो. ते न थांबता, मागे न बघता म्हणाले, पंचेचाळीसचा ट्रॅक्टर असून का चालंना हो? सगळ्यांचे विळे एकदम थांबले. निदान मला तसं ऐकू आलं. दिशा माझ्याकडे बघत होती. घोटावड्याला गेला होता, म्हशीनं चाटला, परदेशी नियम, सगळं जिभेवर तयार होतं.
म्हणालो, पंचेचाळीसचा नाही. सत्तावीसचा आहे. तुमच्याशी खोटं बोललो. दुकानातही तेच बोललो, म्हणून कटर चुकीचा आला.
आयुष्यात एवढं जड काही उचललं नव्हतं. रत्ना खाली वाकूनच म्हणाली, बॉनेटवर लिव्हलंय की सत्तावीस, वीतभर अक्षरात, समद्या गावाला ठावं हाय.
एकनाथराव म्हणाले, बरं. ती पेंढी धरा.